विश्लेषण : कर्जबाजारी देशांचे क्षेत्रफळ कसे मोजतात? सुदानची जमीन गेली, पण कर्ज का राहिले?

जागतिक बँकेच्या आकडेवारीत ‘अतिकर्जबाजारी गरीब देश’ असा एक स्वतंत्र गट आहे. त्यातील ३९ देशांच्या क्षेत्रफळाची बेरीज सुमारे १ कोटी ९७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सहापट भरते. क्षेत्रफळ कधी बदलत नाही, असे आपण धरून चालतो. पण २०११ मध्ये या देशांची जमीन एकदम सुमारे सव्वासहा लाख चौरस किलोमीटरने घटली. कर्जाचा बोजा मात्र जागच्या जागी राहिला.

हे देश कोणते?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेने १९९६ मध्ये कर्जमाफीची योजना सुरू केली. तिच्यासाठी पात्र ठरलेले ३९ देश म्हणजे हा गट. यातील ३३ देश आफ्रिकेतील आहेत. उरलेले सहा म्हणजे अफगाणिस्तान, बोलिव्हिया, गयाना, हैती, होंडुरास आणि निकाराग्वा. सर्वांत मोठा देश काँगो लोकशाही प्रजासत्ताक, महाराष्ट्राच्या साडेसात पट. सर्वांत लहान साओ टोमे आणि प्रिन्सिपे, गोव्याच्या जेमतेम पाव.

आज तितकेच कर्जबाजारी असलेले सगळे देश या यादीत आहेत, असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोमालियाने योजना पूर्ण केली आणि माफी पदरात पडलेल्या देशांची संख्या ३७ झाली. एरिट्रिया आणि सुदान हे दोनच बाकी आहेत. दुसरीकडे, २०२२ मध्ये परकीय कर्जाचे हप्ते थकवणारा श्रीलंका या यादीत नाही.

क्षेत्रफळात काय धरतात?

इथे दोन वेगळे आकडे असतात. ‘एकूण क्षेत्रफळ’ यात जमिनीसोबत देशातील तलाव, नद्या आणि काही किनारी जलमार्गही येतात. ‘भूक्षेत्र’ यातून हे पाणी वगळले जाते. दोन्हींचे आकडे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना देशोदेशींच्या सरकारांकडून गोळा करते.

हे क्षेत्रफळ सपाट नकाशावरचे असते, डोंगरउतारांची प्रत्यक्ष लांबी-रुंदी त्यात धरत नाहीत. त्यामुळे हिंदुकुशच्या रांगा असूनही अफगाणिस्तानचा आकडा वाढत नाही.

पाण्यामुळे किती फरक पडतो?

भारताचेच पाहा. एकूण क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आणि भूक्षेत्र २९.७३ लाख. हा फरक अख्ख्या महाराष्ट्राहून थोडा मोठा आहे.

कर्जबाजारी देशांत मलावी हे ठळक उदाहरण. एकूण क्षेत्रफळ सुमारे १ लाख १८ हजार चौरस किलोमीटर, पण पाचवा हिस्सा पाण्याखाली, मुख्यतः मलावी सरोवराखाली. लोकसंख्या २ कोटी धरली, तर एकूण क्षेत्रफळावर घनता सुमारे १७० येते आणि भूक्षेत्रावर २१२. शेतजमिनीवरचा ताण किंवा रस्त्यांची गरज ठरवताना चुकीचा आकडा घेतला, तर सगळे गणितच फसते.

सुदानमध्ये काय झाले?

जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. सुदानचे क्षेत्रफळ सुमारे २५ लाखांवरून १९ लाख चौरस किलोमीटरच्या आत आले. तेल उत्पादनाचा जवळपास तीन चतुर्थांश हिस्सा दक्षिणेकडे गेला. नवा देश या यादीत नसल्याने बेरीजही तेवढीच घटली.

कर्जाची वाटणी मात्र झाली नाही. २०१२ च्या करारात दोन्ही देशांनी ‘शून्य पर्याय’ मान्य केला. त्यानुसार जुने सगळे परकीय कर्ज सुदानने स्वतःकडे ठेवले, अट एवढीच की दोन वर्षांत जगाने कर्जमाफीची हमी द्यावी. ती मुदत टळली आणि पुढे वाढवावी लागली.

अखेर जून २०२१ मध्ये सुदान माफीच्या पहिल्या टप्प्यावर पोहोचला. योजना पूर्ण झाली असती, तर ५० अब्ज डॉलरहून अधिक बोजा उतरला असता. पण ऑक्टोबरमध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि प्रक्रिया थांबली. एप्रिल २०२३ पासून तर देश यादवी युद्धात होरपळतो आहे.

मग या बेरजेचा उपयोग काय?

घनता, जंगल, शेती, रस्ते यांची तुलना करताना भागाकारासाठी क्षेत्रफळ लागतेच. पण कर्ज फेडण्याची ताकद त्यातून कळत नाही. कर्जमाफीच्या निकषातही क्षेत्रफळ नाही. तिथे मुख्यतः पाहिले जाते ते कर्ज निर्यातीच्या १५० टक्क्यांहून अधिक आहे का, हे. हप्ते फेडायचे ते निर्यातीतून आणि महसुलातून. सुदानची अडचण नेमकी हीच झाली : कमाईची जमीन गेली आणि देणे मागे राहिले.

म्हणून असा एकत्रित आकडा समोर आला की तीन गोष्टी तपासाव्यात : यादी कोणत्या वर्षाची, पाणी धरले की वगळले आणि सीमा कधीच्या.