झुडपांनाही बागेत जागा हवी

मा. संपादक,


पावसाळा आला की वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होतात. त्यांत झुडपे कुठेच नसतात आणि शहरांतल्या नव्या बागांतही ती फारशी दिसत नाहीत. कायद्याचे लक्षही झाडांवरच आहे. राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आली. हे चांगलेच झाले. पण बागेचा आराखडा नुसत्या मोजणीवर बेतला की मध्ये हिरवळ, कडेला ओळीने झाडे आणि खाली कातरलेल्या ड्युरांटाची पिवळी पट्टी एवढेच उरते. फांद्या आणि जमीन यांच्यामधली जागा अशी मोकळी ठेवणारी बाग मला अपुरी वाटते.

घार, कावळा उंच झाडावर घरटे करतात. शिंपी आणि बुलबुल मात्र बहुधा खाली, दाट पानांत. कढीपत्ता, लिंबू यांच्या पानांवर मॉरमॉन जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. धायटीच्या लाल फुलांवर ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये शिंजीर येतात. ड्युरांटाची फुले फांदीच्या टोकाला येतात, म्हणजे दर महिन्याला शेंडे छाटणारी कात्री फुलेही नेते आणि फळेही. पाण्याचा हिशेबही बघा. हिरवळीला एप्रिल-मे महिन्यांत सतत पाणी लागते. करवंद, मुरुडशेंग, निरगुडी ही सह्याद्रीच्या पावसावर वाढलेली झुडपे एकदा मूळ धरल्यावर फार थोड्या पाण्यात उन्हाळा काढतात, आणि त्यांचा पालापाचोळा खालची माती झाकून ठेवतो.

झुडपांमुळे आडोसा होतो, बाग असुरक्षित होते, हा आक्षेप गंभीर आहे. संध्याकाळी एकट्या चालणाऱ्या बाईच्या दृष्टीने तर फारच. म्हणून पायवाटेलगत कोरांटीसारखी कमरेखाली राहणारी झुडपे लावावीत, निरगुडी आणि करवंदासारखी उंच वाढणारी बाहेरच्या भिंतीकडे न्यावीत. हा प्रश्न मांडणीने सुटतो, त्यासाठी झुडपेच नाकारायला नकोत. मुलांना खेळायला मोकळी जागा हवी हेही खरे, पण जिथे ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी आहे तिथे ती सबब चालणार नाही. देखभाल वाढेल म्हणावे, तर दर महिन्याच्या छाटणीपेक्षा वर्षातून एकदाची छाटणी स्वस्तच पडते.

अर्थात कोणतेही झुडूप चालेल असे मी म्हणत नाही. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणूनच अमेरिकेतून आपल्याकडे आली आणि आज देशभरातल्या जंगलांत ती देशी रोपांना उगवू देत नाही. बागेत काय लावायचे हा निर्णय बागेच्या भिंतीपाशी थांबत नाही, म्हणून आराखड्यात झाडांबरोबर झुडपांचीही नावे आणि पूर्ण वाढीनंतरचा घेर लिहिणे सक्तीचे करावे.

देशी झुडपांची रोपे मिळत नाहीत, असे उत्तर यावर येईल. मागणीच नसल्यावर रोपवाटिका ती कशाला करतील? करवंदाचे बी ताजेच पेरावे लागते आणि फळ पिकते मे महिन्यात. महापालिकांच्या उद्यान विभागांनी येत्या मे महिन्यात हे बी गोळा करून आपल्याच रोपवाटिकांत पेरावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे