गृहोपयोगी : निर्वात पिशवी का फुगते?

पिशवीतील हवा काढून तिचे तोंड उष्णतेने चिकटविणारे छोटे यंत्र आता अनेक स्वयंपाकघरांत आले आहे. काही महिने ते उत्तम चालते. मग एके दिवशी हवा निघेनाशी होते, किंवा रात्री घट्ट बसलेली पिशवी सकाळी सैल झालेली आढळते. दोष पुष्कळदा यंत्राचा नसून ओलाव्याचा व अस्वच्छतेचा असतो. म्हणून प्रथम विजेची जोडणी काढून पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

मोटर चालते, पण पिशवी आवळत नाही, तर हवा कोठून तरी आत शिरत आहे असे समजावे. झाकणाच्या कडेला असलेल्या मऊ पट्टीवर पीठ वा तेलाचा थर बसला असल्यास ती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. चिरली असल्यास बदलावी. झाकण कायम आवळून ठेवल्याने ही पट्टी चपटी होते, म्हणून काम संपताच ते सैल सोडावे. बहुतेक घरगुती यंत्रांना आतून खरखरीत नक्षी असलेली पिशवीच लागते. गुळगुळीत पिशवीचे पदर एकमेकांस चिकटून हवेची वाट अडवितात.

हवा निघते, पण जोड उकलतो, तर पिशवीच्या तोंडाशी पाणी, मसाला किंवा सुरकुती आहे का ते पाहावे. वरच्या बाजूस सुमारे 8 सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. रसदार पदार्थ आधी गोठवून घ्यावा. अनेक पिशव्या एकापाठोपाठ बंद करताना तापतार थंड होण्यास थोडा अवकाश द्यावा, नाहीतर जोड वितळतो. माशाचे काटे पिशवी भोसकतात. ते कागदात गुंडाळावेत. कोबी व फ्लॉवर कच्चेच भरल्यास त्यांतून वायू सुटतो. ते उकळत्या पाण्यातून काढून, निथळून, गोठवून मगच भरावेत.

संशय राहिल्यास रिकाम्या पिशवीत थोडी हवा ठेवून तोंड चिकटवावे व ती पाण्यात दाबावी. बुडबुडे निघतील तेथे छिद्र आहे.

मात्र यंत्र निर्दोष असले तरी एक गोष्ट विसरू नये. हवा काढणे म्हणजे अन्न टिकविणे नव्हे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू हवेविनाच वाढतो; त्याचे विष प्राणघातक असते, आणि अन्नाचा वास वा रंग बदललेला नसतानाही ते त्यात असू शकते. म्हणून शिजविलेले अन्न, मासळी, सोललेला लसूण किंवा अळिंबी अशा पिशवीत भरून फडताळात कदापि ठेवू नये. शीतकपाटाचे तापमान 4 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. गोठविलेली मासळी शीतकपाटात वितळविताना पिशवी आधी उघडावी. डाळी, रवा यांसारखे कोरडे जिन्नस तेवढे बाहेर ठेवण्यास हरकत नाही. ओली पिशवी फुगलेली दिसल्यास तिच्यातील अन्न चाखूनही पाहू नये. ते टाकून द्यावे.