पाहणे आणि जपणे

मोबाईलमधील चित्रफीत टीव्हीवर दाखवता येते, हे तुम्हांला ठाऊक असेल. त्यासाठी दोन्ही उपकरणे घरातील एकाच वाय-फायला जोडतात. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत, म्हणून २००३ साली अनेक कंपन्या एकत्र आल्या. त्यातून ‘डीएलएनए’ ही पद्धत तयार झाली.

सोय चांगली आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. या पद्धतीत फाईल मोबाईलमध्येच राहते, टीव्ही ती फक्त दाखवतो. दादीने सांगितलेल्या गोष्टीची चित्रफीत घरातल्या सर्वांनी पाहिली, तरी तिची प्रत एकच! मोबाईल हरवला, तर दादीचा आवाजही हरवेल. म्हणून मला वाटते, दाखवण्याआधी जपायला शिका. मोठ्यांना विचारून दुसरी प्रत संगणकात किंवा पेन ड्राईव्हमध्ये आजच ठेवा.