चाळीस टक्क्यांची भीती

परवा दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला एक मावशी आल्या. वय साठीच्या आसपास. लहानपणी पोलिओ झाल्याने डावा पाय बारीक, त्यामुळे पाऊल टाकताना मांडीवर हाताने दाब देऊन चालायची जन्माची सवय. मला वाटले, पाय दुखत असेल. तो दुखतच होता, पण त्या त्यासाठी आल्या नव्हत्या. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले अपंगत्वाचे जुने प्रमाणपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि विचारले, "डॉक्टर, हे अजून चालंल का? का परत मोजणार?"

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की, आजचे सदर त्यालाच द्यायचे ठरवले. सर्दी-खोकल्याच्या मोसमात वाचक मला क्षमा करतील. प्रश्न सरकारी कागदाचा वाटला तरी त्याने झोप उडते, रक्तदाब वाढतो, म्हणजे तो आरोग्याचाच आहे. आता कागदोपत्री 'दिव्यांग' असा शब्द आहे. तो चांगल्या हेतूने आला असेल. पण माझ्याकडे येणारी माणसे स्वतःला अपंगच म्हणतात, म्हणून मीही इथे तोच शब्द वापरतो.

आधी पैशाचे बोलू. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. किमान चाळीस टक्के अपंगत्व आणि तुटपुंजे उत्पन्न असलेल्यांना तिचा आधार मिळतो. जुलै २०२३ मध्ये ही रक्कम महिना १५०० रुपये झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी ती २५०० रुपये झाली. वाढ झाली हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा म्हणतो की, अशा योजनांत अपंगांना इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त मदत मिळावी. तरीही २०२३ पासून सव्वादोन वर्षे एकाच योजनेत सगळ्यांना सारखेच १५०० मिळत होते. केंद्राचे निवृत्तिवेतन तर ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसालाच मिळते आणि २०१२ पासून ते महिना ३०० रुपयांवर थांबले आहे. तीनशे रुपयांत काय येते ते बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या कोणालाही विचारावे.

अडीच हजार म्हणजे दिवसाला त्र्याऐंशी रुपये. यातून कॅलिपरचा तुटलेला पट्टा बदलायचा, कुबडीचे रबर घ्यायचे, जिल्ह्याच्या गावी जाताना सोबतीच्या माणसाचेही भाडे द्यायचे आणि त्याचा रोज बुडाला तर तोही भरून द्यायचा. धडधाकट माणसाला लागत नाही असा हा खर्च आहे. म्हणून हे पैसे म्हणजे उपकार नव्हेत, असे माझे मत आहे.

आता भीती कशाची? वाढीव रक्कम हवी तर युडीआयडी कार्ड आणून द्या, आधार बँकेला जोडा, असे निरोप गावोगावी आले. ज्यांच्याकडे जुने कागदी प्रमाणपत्र होते त्यांना वाटले की आता पुन्हा तपासणी होणार. त्यातच २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला होता आणि २०२५ मध्ये राज्यात शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची तपासणी सुरू झाली. ही मोहीम नोकरीतल्या लोकांसाठी. पण बातमी पारावर पोहोचेपर्यंत तिचा अर्थ 'सगळ्यांचे पगार बंद होणार' असा झाला. आपल्याकडे निराधार योजनेच्या पैशालाही पगारच म्हणतात.

खोटी प्रमाणपत्रे आहेत, हे मी नाकारणार नाही. मी सरकारी नोकरीत असताना ती मागायला आलेले लोक पाहिले आहेत, गाडीतून उतरून आलेले. कायद्यात याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ती जरूर व्हावी. पण बोगस माणसाला चुकवायचे मार्ग ठाऊक असतात. चाळणी बारीक केली की अडकतो तो रांगेतला खरा माणूस, ज्याला अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो.

माझेच एक उदाहरण देतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी अपंगत्व तपासणाऱ्या मंडळावर होतो. आठवड्याचा एक दिवस, शंभराच्या वर माणसे, डॉक्टर दोघे. उसाच्या ट्रॉलीखाली घोटा सापडलेला एक मजूर आला होता. मी सांध्याची हालचाल मापकाने मोजली, तक्ता लावला, छत्तीस टक्के आले. तेच लिहिले. नियमाला धरून लिहिले. तो कागद हातात घेऊन म्हणाला, "साहेब, चार टक्के कमी पडले म्हणजे मी किती चालायला पाहिजे?" मी पुढच्या माणसाला हाक मारली. त्याचा घोटा मोजला होता, पण नांगरटीच्या रानात तो किती पावले टाकू शकतो हे विचारले नव्हते. वेदना, संध्याकाळची सूज, ओझे घेऊन चालता येते का, यातले काही मी लिहिले नाही. अपील करता येते हेही त्याला सांगितले नाही. आज सांगतो आहे, त्याचा त्याला उपयोग नाही.

टक्केवारीची ही गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी. कागदावर टक्के सरळ दिसतात, शरीरात तसे नसतात. दोन अपंगत्वे असली तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, त्याचे वेगळे सूत्र आहे. त्यामुळे 'कानाचे तीस आणि पायाचे वीस म्हणजे पन्नास' असे धरून आलेला माणूस त्रेचाळीस ऐकून हादरतो. पुन्हा काही आजार दिसतच नाहीत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे त्यात आले. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. तो तरुण तपासणीच्या दिवशी ठणठणीत दिसेल आणि चार दिवसांनी हाडे फोडून काढणाऱ्या कळांनी रात्रभर ओरडत राहील. मानसिक आजाराच्या रुग्णाने त्या दिवशी केस विंचरलेले असले, दोन प्रश्नांना धड उत्तरे दिली, की 'हा तर बरा आहे' असा शेरा पडायची भीती असते. घरचे लोक तर त्याला मुद्दाम आवरून आणतात, सरकारी दवाखान्यात जायचे म्हणून!

मावशींच्या पायाचेही तसेच. पोलिओचा विषाणू आपल्या देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पोलिओ झालेली माणसे आपल्यातच आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना तीस-चाळीस वर्षांनी नवा अशक्तपणा येतो. मेलेल्या चेतापेशींचे काम उरलेल्या पेशी वर्षानुवर्षे जास्तीचे करत असतात, त्या थकतात. चांगला समजलेला पायही मग लटपटू लागतो. म्हणजे मावशींची टक्केवारी वाढायला हवी, कमी व्हायचे काही कारण नाही. पण हे सांगणारा डॉक्टर त्या टेबलापाशी भेटेलच, याची खात्री मी त्यांना कशी देऊ?

नियमही बदलले आहेत. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने बदलांचा मसुदा हरकतींसाठी काढला. अपंगांच्या संघटनांनी त्यावर नाराजी कळवली. ऑक्टोबरमध्ये नियम लागू झाले. प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती, ती तीन महिने झाली. दोन वर्षांवर पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय ठरून नव्याने करावा लागेल, अशीही तरतूद आली. अर्ज पडून राहिला तर त्याचा भुर्दंड अर्जदाराला, हा न्याय मला कळलेला नाही. कार्डांना रंग आले: चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते एकोणऐंशी पिवळा, ऐंशीपासून निळा. काही बदल चांगलेही आहेत. ज्या अपंगत्वात फरक पडण्याची शक्यता नाही त्याला कायमचे कार्ड, हे त्यातलेच. ते ठळकपणे गावागावांत सांगितले असते तर निम्मी भीती ओसरली असती.

यंत्राची अडचण वेगळीच. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाची बोटे झडलेली असतात, तो अंगठा कशाचा लावणार? कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हटले तर अंध माणसाने काय करायचे? ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईने काय करायचे? असेच प्रश्न घेऊन काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की ओळख पटवण्याच्या या पद्धती सगळ्यांना जमतील अशा केल्या पाहिजेत. निकाल दिल्लीत लागला. आपल्या बाजारपेठेतल्या सेवा केंद्रावर तो पोहोचायचा आहे.

हे आपल्याच देशात होते असे नाही. मार्च २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने अपंगांच्या भत्त्याची अट कडक करायचे ठरवले. तिथे स्वयंपाक, अंघोळ, कपडे घालणे अशा रोजच्या कामांना गुण देतात आणि एकूण आठ गुण झाले की भत्ता मिळतो. नवा प्रस्ताव असा की त्यांतल्या एखाद्या कामात एकदम चार गुण हवेतच. म्हणजे प्रत्येक कामात थोडी थोडी अडचण असलेला माणूस बाहेर! अपंग लोक भीतीने हवालदिल झाले, सत्ताधारी पक्षाचेच खासदार विरोधात उभे राहिले आणि १ जुलैला सरकारने ती अट मागे घेतली. अपंगांना सोबत घेऊन आढावा घेऊ, असे म्हणावे लागले. एप्रिल २०२६ पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांची दुसरी एक मदत मात्र कमी केलीच. तिकडच्या भत्त्याशी आपली तुलना नाही. पण मोजणाऱ्याची नजर आणि मोजला जाणाऱ्याची धास्ती तिथेही तशीच दिसते.

तपासणीची पाळी आलीच तर काय करावे, ते सांगतो. जुने केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद फेकू नका, पेटीत ठेवा आणि झेरॉक्स घेऊन जा. घरचे माणूस सोबत न्या. काय जमत नाही ते सांगताना वाईटातल्या वाईट दिवशी काय होते तेही सांगा. लाज धरून 'बरे आहे' म्हणू नका, आणि नसलेले दुखणेही सांगू नका, डॉक्टरला ते कळते. अपंगत्व कायमचे असेल तर तसे लिहून मागा. टक्केवारी मान्य नसेल तर निर्णयापासून नव्वद दिवसांत अपील करता येते. कागदावर तारीख आहे का ते तिथेच पाहून घ्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती अशी की, छत्तीस किंवा अडतीस लिहायची वेळ आली तर मापक खाली ठेवून एकदा त्या माणसाला चालवून पाहा, त्याचे काम काय ते विचारा आणि अपिलाचे तोंडी सांगा. मी ते केले नव्हते.

मावशींचे प्रमाणपत्र पंचावन्न टक्क्यांचे आहे, शिक्का पुसट झाला आहे पण वाचता येतो. युडीआयडीचा अर्ज आम्ही त्याच दिवशी भरला. फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो, तो काढायला त्या समोरच्या स्टुडिओत गेल्या. दोन पायऱ्या होत्या, मुलाने हात दिला. बुधवारी जिल्ह्याच्या गावी जायचे आहे. दोन्ही पायांच्या ताकदीची तपासणी करून मी एक चिठ्ठी लिहून दिली आहे, नव्या अशक्तपणाची. पहिली एस.टी. सव्वासहाला आहे.