आजार नसतानाची गोळी

‘तुम्हाला क्षयरोग झालेला नाही, तरीही क्षयरोगाची गोळी घ्या,’ असे सांगितले तर कोणाला पटेल? सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर उभे राहणाऱ्या किंवा दिवसभर विड्या वळणाऱ्या माणसाला तर नाहीच. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना मात्र हाच सल्ला दिला जातो आणि तो योग्य आहे.

क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असे नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. हा सुप्त संसर्ग. त्यात खोकला नसतो, ताप नसतो, दुसऱ्याला लागणही होत नाही. असा संसर्ग असलेल्या 100 जणांपैकी साधारण 5 ते 10 जणांना आयुष्यात कधीतरी रोग होतो. एचआयव्ही मात्र नेमक्या पहारेकरी पेशींवरच घाला घालतो, त्यामुळे धोका कित्येक पटींनी वाढतो. एआरटीने तो कमी होतो, संपत नाही. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे जगभर आजही क्षयरोग हेच मोठे कारण आहे.

त्यावर उपाय आहे. आयसोनियाझिडची गोळी रोज, सहा महिने, सोबत बी6 जीवनसत्त्व. किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. आयव्हरी कोस्टमधील 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आयसोनियाझिडमुळे एचआयव्हीबाधितांचे मृत्यू सुमारे 37 टक्क्यांनी घटले. एआरटी लवकर सुरू केलेल्यांनाही त्याचा फायदा झाला.

‘उगाच गोळ्या घेऊन जंतू औषधाला दाद देईनासे झाले तर?’ ही शंका रास्त आहे. रोग असताना एकच औषध दिले तर तसे होऊ शकते. म्हणूनच आधी चार प्रश्न विचारतात: खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर आधी तपासणी. त्वचेच्या चाचणीसाठी मात्र अडून राहण्याची गरज नाही. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, हातापायांना मुंग्या आल्या, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. या काळात दारू टाळावी.

खरी अडचण गोळीपेक्षा वेगळीच असते. केंद्रावर जायचे म्हणजे कामाचा खाडा, आणि घरात गोळ्यांची डबी दिसली की प्रश्न सुरू. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन 2017 च्या कायद्याने घातले आहे. ते कागदावर राहू नये. एआरटीच्या आणि या गोळ्या एकाच फेरीत, एकाच खिडकीवर मिळाव्यात आणि चार प्रश्न प्रत्येक भेटीत विचारले जावेत. रुग्णांनीही पुढच्या भेटीत स्वतःहून विचारावे, ‘माझा प्रतिबंधक उपचार झाला आहे का?’ माहितीसाठी 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

झोपलेला जंतू जागा होण्याची वाट पाहणे कोणालाच परवडणारे नाही.