पन्नास हजार दोनशे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. यंदा चकली कडक होणार की मऊ पडणार यावर वाद, बोनसची रक्कम हातात येण्यापूर्वीच तिचे वाटप, आणि त्या वाटपात माझ्या चपलांचा नंबर शेवटचा लागणे. पण २०२३ च्या दिवाळीत वाटपाचा प्रश्नच उरला नाही. सगळा बोनस आमच्या चिरंजीवांनी आधीच जिंकून ठेवला होता.

त्याचे असे झाले. दहावीच्या वर्षी मी एका बेसावध क्षणी म्हणून गेलो होतो, "नव्वद टक्क्यांच्या वर गेलास तर कॉम्प्युटर घेऊन देईन." हे वचन देताना माझा त्याच्या अभ्यासावर जो विश्वास होता तो मी येथे सांगत नाही. सूज्ञ वाचकांनी तो ओळखलाच असेल. चिरंजीवांना एक्क्याण्णव पडले.

"पण बाबा, तयार नाही घ्यायचा," तो म्हणाला. "सुटे भाग आणून घरीच जोडायचा. खेळायचा कॉम्प्युटर तसाच करतात. त्याच पैशांत जास्त चांगला होतो."

खेळायचा! एक्क्याण्णव टक्के मिळवून मुलगा अभ्यासाचा नव्हे, खेळायचा कॉम्प्युटर मागत होता. सौ. म्हणाली, "अहो, वचन दिलंत ना? मग आता खेळायचा की अभ्यासाचा हे विचारू नका." रक्कम मात्र मी ठणकावून सांगितली: पन्नास हजार, वर एक छदामही नाही. पडदा, कीबोर्ड आणि माऊस हे २०२० च्या टाळेबंदीत मी घरून काम करीत असताना घेतलेले होते, ते त्याने वापरायचे.

दुसऱ्या दिवशी यादी तयार झाली. मी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात काढलेली असल्यामुळे यादी दिसली की माझा हात लाल पेन्सिलीकडे जातो. पाहतो तो ग्राफिक्स कार्ड साडेवीस हजारांचे आणि प्रोसेसर अकरा हजार आठशेचा. मी म्हटले, "हे उलटं झालंय. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू ना? मेंदूवर कमी आणि चित्रांवर जास्त?"

चिरंजीवांनी मला समोर बसवले. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार माझ्याकडूनच करवून घेतला: २० लाख ७३ हजार ६००. खेळ गुळगुळीत चालायचा तर हे सगळे ठिपके सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात, आणि ते रंगारीकाम ग्राफिक्स कार्ड करते. प्रोसेसर त्याला काम नेमून देतो. मुकादम कितीही हुशार ठेवला आणि रंगारी एकच असला तर भिंत वेळेवर रंगत नाही. मला पटले. खेळासाठी जोडताना आधी कार्ड ठरवावे आणि मग त्याला शोभेल असा प्रोसेसर घ्यावा, हे मी त्या दिवशी शिकलो. यादीत कार्ड होते आरएक्स ६६०० आणि प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा गाभ्यांचा.

ज्यांच्याजवळ याच्या निम्मेच पैसे आहेत त्यांच्यासाठी एक वाट चिरंजीवांनी सांगितली ती येथे नोंदवून ठेवतो. त्याच घराण्यातल्या ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच चित्रे काढण्याची सोय आहे. कार्ड न घेता साधे खेळ त्यावर चालतात. पुढच्या दिवाळीला जमले तर कार्ड घ्यावे. शेवटचे ते 'जी' अक्षर तेवढे पाहून घ्यावे. ते नसले तर काय होते ते पुढे येईलच.

बाकीच्या ओळी भराभर सुटल्या. रॅम सोळा जीबीची, पण एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी ये-जा करता येते. पाचशे जीबीची एसएसडी. मदरबोर्ड बी ४५० जातीचा, कारण बी ५५० ला अडीच हजार जास्त पडत होते. मात्र हा बोर्ड जुन्या पिढीचा, आणि त्याच्या आतला बायोस अद्ययावत नसेल तर तो नव्या प्रोसेसरला ओळखच देत नाही. म्हणून पेटीवर 'रायझन ५००० साठी तयार' अशी चिठ्ठी पाहूनच घ्यायचा होता. या कुळातल्या बोर्डांची बैठक २०१६ पासूनची. २०२२ मध्ये नवी बैठक आली, पण तिला डीडीआर ५ जातीचीच रॅम लागते आणि तो सारा संसार तेव्हा आमच्या खिशाबाहेरचा होता.

खरी लढाई झाली ती शेवटच्या दोन ओळींवर. कॅबिनेट ५,५००, एसएमपीएस ९००.

कॅबिनेट म्हणजे पेटी. हिला एका बाजूने काच होती आणि आत रंगीत दिवे लावलेले चार पंखे. चिरंजीवांचा सगळा जीव त्या दिव्यांत होता. मोबाईलवर त्याने ती पेटी मला सतरा वेळा दाखवली असेल. मी यादीवर सही करणार तोच झोपाळ्यावरून आवाज आला, "वीज कुठून येते याला?"

या सदराच्या जुन्या वाचकांना आमचे अण्णा ठाऊक आहेत. वय ऐंशी, ऐकू कमी येते, पण नको ते बरोबर येते. अण्णांनी १९६४ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी व्हॉल्व्हचा रेडिओ जोडला होता. तीन रुपये वाचवायला त्यांनी स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर घेतला, तो दीड महिन्यात जळाला, आणि जाताना दोन व्हॉल्व्ह सोबत घेऊन गेला. ती गोष्ट आम्ही दरसाल ऐकतो.

"एसएमपीएसमधून, आजोबा. साडेचारशे वॅटचा आहे, पुष्कळ झाला."

"तुझ्या कार्डाला किती लागते?"

"एकशे बत्तीस वॅट. प्रोसेसरला पासष्ट."

अण्णा काही बोलले नाहीत. शनिवारी मात्र ते आमच्याबरोबर निघाले. डोंबिवलीहून दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण ते नाव सांगून तेथे पोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. अण्णांच्या रेडिओच्या काळातली दुकाने आता ओळखू येत नाहीत. गर्दी मात्र तीच, असे ते म्हणाले.

एका दुकानात नऊशेचा एसएमपीएस काउंटरवर आला. अण्णांनी तो हातावर तोलला आणि मान हलवली. "आत काही नाही." वजनावरून पुरती परीक्षा होत नाही हे खरे, पण त्यांनी पुढे चष्मा पुसून त्यावरची चिठ्ठी वाचायला घेतली. वर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक अक्षरांत निरनिराळ्या व्होल्टचे रकाने, आणि १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर.

"कार्ड नि प्रोसेसर कुठल्या व्होल्टवर चालतात?" अण्णांनी विचारले.

"बाराच्या वायरीवर," चिरंजीव म्हणाले.

"मग बारा सोळे?"

"एकशे ब्याण्णव."

"आणि तुला हवेत एकशे बत्तीस नि पासष्ट. एकशे सत्त्याण्णव. पंखे, बोर्ड वेगळे." अण्णांनी एसएमपीएस काउंटरवर ठेवला. "साडेचारशे कुठे लिहिलंय ते नको वाचूस. बारासमोर काय लिहिलंय ते वाच."

दुकानदाराने न बोलता आतून दुसरा काढला. साडेपाचशे वॅटचा, ब्राँझ शिक्क्याचा, बारासमोर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. किंमत ३,९००.

वरचे तीन हजार आणायचे कोठून हे कोणी बोलले नाही, कारण सगळ्यांना दिसत होते. चिरंजीव काचेच्या पेटीकडे पाहत उभे राहिले. मी रदबदली करणार होतो, पण माझीच पन्नास हजारांची गर्जना आडवी आली. शेवटी त्याने जाळीच्या तोंडाची, दिवे नसलेली काळी पेटी निवडली. २,४०० रुपये. जाळीतून हवा चांगली जाते असे दुकानदार त्याला समजावीत होता, पण तो ऐकत नव्हता.

एकूण ५०,२०० झाले. वरचे दोनशे सोडायला दुकानदार तयार होईना. उलट बिल नको असेल तर बराच कमी करतो म्हणाला. पण अठरा टक्के कर वाचवून पुढे तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी दाखवायचे काय? बिल घेतले. दोनशे अण्णांनी दिले. परतीच्या गाडीत नातू आजोबांशी एक अक्षर बोलला नाही.

जोडणी वसुबारसेच्या रात्री झाली, जेवणाच्या टेबलावर. प्रोसेसरला खालून १३३१ बारीक पाय असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बैठकीच्या त्रिकोणाशी जुळवला की तो आपल्या वजनाने खाली बसतो, दाबायचा नाही. अण्णांनी विजेरी धरली होती. त्यांचा हात हलतो, त्यामुळे उजेड सगळ्या बोर्डावर फिरत होता, आणि चिरंजीव न कुरकुरता त्या उजेडाच्या मागे मागे स्क्रू लावीत होते. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसली. एसएमपीएसला आठ-आठ पायांची दोन जातींची टोके निघतात, एक प्रोसेसरचे, एक कार्डाचे. दिसायला जुळी, पण एकाच्या जागी दुसरे लावायचे नसते.

साडेअकराला बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळाच.

पुन्हा दाबले. काळाच. रॅम काढून बसवली, कार्ड काढून बसवले. बारा वाजले. मला तर पन्नास हजार दोनशे रुपये डोळ्यांसमोर फिरताना दिसू लागले. आणि मग चिरंजीवांच्या तोंडून ते वाक्य गेलेच: "आजोबांचा एसएमपीएसच खराब असेल."

अण्णांनी विजेरी विझवली आणि खाली ठेवली.

त्या वेळी सौ. चकल्यांचा डबा घेऊन पेटीच्या मागच्या बाजूने जात होती. ती थांबली. "अहो, ही टीव्हीला लावतो तसली वायर ना? तुम्ही इथे वर लावलीय. खाली आडव्या पट्टीवर पण तसलंच भोक आहे."

खालची आडवी पट्टी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. वरचे भोक मदरबोर्डाचे, आणि त्यातून चित्र येण्यासाठी प्रोसेसरच्या नावात ते 'जी' लागते. आमच्या ५६०० ला ते नव्हते. वायर खाली लावली, आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

चिरंजीवांनी आधी विजेरी उचलून आजोबांच्या हातात दिली. मग बायोसमध्ये शिरून रॅमचा वेग वाढवला. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम आपण सांगेपर्यंत सावकाशच चालते, हे मला तेव्हा कळले. यादीत विंडोजचा परवाना लिहायला आम्ही सगळेच विसरलो होतो. तो भाऊबीजेच्या ओवाळणीतून आत्याने भरला. माझ्या चपला अर्थात पाडव्यालाही आल्या नाहीत.

हे सगळे भाव २०२३ चे आहेत. ते धरून कोणी आज बाजारात जाऊ नये. २०२५ च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीची मागणी वाढवल्यापासून, रॅमचे भाव असे चढले की आम्ही बत्तीसशेला घेतलेल्या पट्ट्यांची पावती मी दागिन्यांच्या डब्यात ठेवली आहे. भाव बदलले तरी बारासमोरचा आकडा वाचायचा असतो तो तसाच वाचायचा.

त्या रात्री खेळ काही सुरू झाला नाही. खेळ म्हणे आधी उतरवून घ्यावा लागतो, आणि तो शंभर जीबीच्या आसपासचा. आमच्या इंटरनेटच्या चालीने सकाळ उजाडणार होती. आजोबा-नातू दोघेही पडद्यावरच्या टक्क्यांकडे पाहत बसले. साडेबाराच्या सुमारास अण्णांनी विचारले,

"यावर विविधभारती लागतं का रे?"

चिरंजीवांनी लावून दिले. मी निजायला गेलो तेव्हा टक्के अकरा झाले होते, गाणे चालू होते, आणि अण्णा एसएमपीएसच्या पंख्याजवळ कान नेऊन कुठे गुरगुर येते का ते ऐकत होते.