अंगकोरचा अभिमान आणि आपले अज्ञान

सहलींच्या जाहिरातींत आता कंबोडियाही झळकू लागला आहे. शनिवारी पहाटे अंगकोर वाटच्या तळ्याकाठी सूर्योदयाचे छायाचित्र, दुपारी ता प्रोमच्या भिंतींना विळखा घालून बसलेल्या वृक्षमुळांपुढे दुसरे, रविवारी थोडी खरेदी आणि परतीचे विमान! घरी आल्यावर अभिमानाने सांगायचे, ‘जगातील सर्वांत मोठे मंदिर आपणच बांधले!’ या वाक्यातील ‘आपणच’ हा शब्द एकदा तपासून पाहिला पाहिजे.

अंगकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्मेर सम्राट दुसरा सूर्यवर्मा याने श्रीविष्णूसाठी उभारले. पाषाण कुलेन पर्वताच्या परिसरातला, घडवणारे हात ख्मेर शिल्पींचे आणि सुमारे १९० मीटर रुंदीच्या खंदकात पाणी खेळवणारे शास्त्रही त्यांचेच. इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्र पर्वतावर चक्रवर्तिपद धारण केले, असे अकराव्या शतकातील शिलालेख सांगतो. भारतातील कोणा राजाने कंबुजदेश जिंकून तेथे आपला धर्म लादल्याचा पुरावा नाही. शिव, विष्णू, संस्कृत भाषा, रामायण आणि महाभारत हे सारे ख्मेरांनी स्वेच्छेने स्वीकारले आणि स्वतःच्या प्रतिभेने नवे रूप देऊन उभे केले. आपली संस्कृती तलवारीवाचून पसरली, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. मग ज्यांनी ती प्रेमाने स्वीकारली, त्यांच्याच कर्तृत्वावर आपल्या नावाची पाटी लावणे हा कोणता न्याय?

आणि ज्याचा अभिमान मिरवतो, ते आपल्याला ठाऊक तरी किती? सातव्या जयवर्म्याची राणी इंद्रादेवी हिने आपल्या दिवंगत भगिनीच्या गौरवार्थ संस्कृत काव्य रचले. ते शिलेवर कोरलेले सापडले आहे. आठशे वर्षांपूर्वी, भारतापासून हजारो कोस दूर, एक ख्मेर विदुषी संस्कृतात काव्य करते, ही गोष्ट आपल्या किती संस्कृतप्रेमींच्या कानी आली आहे? कंबुजातील शिलालेखांच्या वाचनाचे आणि संपादनाचे मोठे काम केले ते फ्रेंच विद्वानांनी. जॉर्ज सेदेस यांचे आठ खंड १९३७ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झाले. आपल्याकडे रमेशचंद्र मजुमदार यांनी १९५३ मध्ये या लेखांचा संग्रह सिद्ध केला. त्यांची परंपरा आज किती विद्यापीठांत जोपासली जाते?

भारताने काहीच केले नाही, असे नव्हे. यादवीने पोळलेल्या त्या देशात जाण्यास फारसे कोणी धजत नव्हते, तेव्हा १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंगकोर वाटच्या जतनाचे काम केले. दगडांच्या रासायनिक स्वच्छतेवर पुढे टीका झाली, हेही खरे. त्यानंतर ता प्रोमचे काम भारताने हाती घेतले आणि तेथील नर्तकी-मंडप २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला. शासन आपल्या परीने काम करते. प्रश्न समाजाच्या जिज्ञासेचा आहे.

कारण तेथे केवळ दगड उरलेले नाहीत. अंगकोर वाटच्या पश्चिमद्वारी असलेल्या अष्टभुज विष्णुमूर्तीपुढे आजचा बौद्ध ख्मेर उदबत्ती लावतो, नवस बोलतो. ‘रिआमकेर’ हे तेथील रामायण मुखवट्यांच्या नाट्यात आणि चर्मबाहुल्यांच्या छायाखेळात जिवंत आहे. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत सुमारे सतरा लाख माणसे प्राणांस मुकली. त्यांत राजनर्तकी आणि नृत्यगुरू मोठ्या संख्येने होते. जे थोडे वाचले, त्यांनी स्मरणातून एकेक मुद्रा पुन्हा उभी केली. कम्युनिस्ट क्रांतीच्या नावाने एका राष्ट्राची स्मृती कशी पुसली जाते आणि मूठभर निष्ठावंत ती कशी वाचवतात, याचा याहून मोठा धडा कोणता?

लुटीची कथाही तेवढीच बोलकी आहे. दहाव्या शतकात राजधानी असलेल्या कोह केर येथील एका मंदिरात भीम आणि दुर्योधन गदायुद्धाच्या पवित्र्यात समोरासमोर उभे होते. १९७० च्या दशकात चोरांनी मूर्ती घोट्यांपासून तोडून नेल्या. पाय तेवढे पीठावर राहिले. पुढे भीम अमेरिकेतील एका संग्रहालयात पोहोचला, तर दुर्योधन २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विक्रीस आला. तो लिलाव थांबला. कंबोडियाने चिकाटीने दावा लढवला आणि २०१४ मध्ये दोघेही स्वदेशी परतले. ज्यांच्या देशातून शेकडो मूर्ती अशाच परदेशी गेल्या, त्या आपण या लहानशा राष्ट्राकडून काही शिकणार आहोत की नाही?

म्हणून कंबोडियास जरूर जावे, पण डोळे उघडे ठेवून. एका दिवसाच्या प्रवेशपत्रास ३७ डॉलर पडतात, तीन दिवसांच्यास ६२. दोन दिवस अधिक द्यावेत. अंगकोर वाटच्या पश्चिम भिंतीवर शरशय्येवरील भीष्म मुलांना शोधायला लावावा. बायोनच्या भिंतीवर बाजारात माल विकणाऱ्या ख्मेर स्त्रिया पाहाव्यात. स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याचे ऐकावे. त्याला त्याचाच इतिहास शिकवू नये. शिल्पांना हात लावू नये. संध्याकाळ बाजारात न घालवता नृत्यास जावे. आणि घरातील एखाद्या तरुणाला ख्मेर भाषा व शिलालेख शिकावेसे वाटले, तर ‘यात पैसा काय?’ असे विचारून त्याचा हिरमोड करू नये.

पूर्वजांच्या पुण्याईवर फुशारकी मारणे सोपे असते. येथे तर ती पुण्याईसुद्धा दुसऱ्याच्या पूर्वजांची आहे. थोरल्या भावाचा मान हवा असेल, तर आधी धाकट्याच्या घरी जाऊन त्याचे कर्तृत्व मोकळ्या मनाने वाखाणण्याचे मोठेपण अंगी हवे.